२७५ चं कोडं : पेसो आणि क्रुझेरोची ऐंशी वर्षांची घसरगुंडी

या गोष्टीची सुरुवात एका फालतू बगने झाली.

दोन महिन्यांपूर्वी आमच्या प्रोजेक्टवर एक तक्रार आली. क्लायंट दक्षिण अमेरिकेतला, माल ब्राझीलमधून अर्जेंटिनात आणि अर्जेंटिनातून ब्राझीलमध्ये जातो. इनव्हॉइस एका चलनात, हिशेब दुसऱ्या चलनात. महिनाअखेरीला दोन्ही बाजूंची बेरीज जुळेना, पाऊण टक्क्याच्या आसपास फरक येत होता. मी दिवसभर कोड चाळला, लॉग बघितले, चहाचे पाच कप रिचवले. शेवटी चूक सापडली ती डेटाबेसच्या एका कॉलममध्ये. विनिमय दर साठवायला दशांश चिन्हानंतर चार घरं ठेवली होती. ज्याने कोणी ते टेबल बनवलं, त्याच्या काळी एका पेसोला अर्धा रेआल मिळत असणार. ०.५३१२ वगैरे. चार घरं म्हणजे चैन! २०२५ च्या अखेरीस एका पेसोला ०.००३७७ रेआल मिळत होता. चार घरांत तो ०.००३८ होतो आणि त्या गोल करण्यातच पाऊण टक्का उडून जातो.

(रेआल म्हणजे ब्राझीलचं चलन. आपल्याकडे बरेचदा 'रियाल' असं छापतात, पण आखातातल्या रियालशी गल्लत नको म्हणून मी रेआलच म्हणतो. ब्राझीलचे लोक स्वतः त्याचा उच्चार भलताच काहीतरी करतात, तो मला जमत नाही.)

बग दहा मिनिटांत सुटला असता. पण क्लायंटच्या टीममध्ये रोसारिओ शहरातला एक अर्जेंटिनी गडी आहे, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा. कॉलवर मी त्याला सहज विचारलं, "मग किती घरं ठेवू?" तर तो हसायला लागला. म्हणाला, "कुठल्या सालापर्यंत चालायला हवंय?"

झालं. शनिवार-रविवार गेला. मी ठरवलं की पेसो आणि ब्राझीलचं चलन यांच्यातला दर जितका मागे जाता येईल तितका मागे नेऊन एक आलेख काढायचा. साधी गोष्ट वाटते ना? मलाही वाटली होती.

पहिली अडचण अशी की 'पेसो' नावाची एकच वस्तू नाही. आपला रुपया बघा. १९५७ मध्ये आणे जाऊन नवे पैसे आले, नोटा बदलल्या, काही बाद झाल्या, पण माझ्या आजीचा रुपया आणि माझा रुपया कायद्याने एकच. अर्जेंटिनात तसं नाही. १८८१ पासून चाललेला पेसो मोनेदा नासिओनाल १९७० मध्ये गेला आणि १०० जुन्या पेसोंचा एक नवा पेसो झाला. १९८३ मध्ये त्या १०,००० चा एक 'पेसो अर्जेंटिनो' झाला. १९८५ मध्ये त्या १,००० चा एक 'ऑस्ट्राल'. आणि १ जानेवारी १९९२ ला १०,००० ऑस्ट्रालचा एक पेसो, जो आजही चालू आहे. शून्यं मोजा : २, ४, ३ आणि ४. एकूण तेरा. म्हणजे आजचा एक पेसो म्हणजे १९६९ मधले एकावर तेरा शून्यं इतके पेसो.

ब्राझीलचं याहून भारी. १९४२ मध्ये 'क्रुझेरो' आला. १९६७ मध्ये हजाराचा एक 'नवा क्रुझेरो' केला (१९७० मध्ये त्यातलं 'नवा' गेलं). १९८६ मध्ये हजाराचा एक 'क्रुझादो', १९८९ च्या जानेवारीत हजाराचा एक 'नवा क्रुझादो', १९९० मध्ये नुसतं नाव बदलून परत 'क्रुझेरो', १९९३ च्या ऑगस्टमध्ये हजाराचा एक 'क्रुझेरो रेआल', आणि १ जुलै १९९४ ला २,७५० क्रुझेरो रेआलचा एक रेआल. आयएसओच्या यादीत ही पिलावळ ओळीने दिसते : बीआरबी, बीआरसी, बीआरएन, बीआरई, बीआरआर आणि शेवटी बीआरएल. आम्ही सॉफ्टवेअरवाले पाच वर्षांत इतक्या आवृत्त्या काढल्या तर क्लायंट हाकलून देईल :-)

आता गंमत. १,००० चार वेळा आणि मग २,७५० यांचा गुणाकार येतो २७५ वर तेरा शून्यं. आणि अर्जेंटिनाचा? एकावर तेरा शून्यं. दोन्हीकडची तेरा शून्यं उडवा, उरतात २७५ आणि १. निव्वळ योगायोग आहे हा, पण आलेख काढणाऱ्याला देवाने दिलेला. कारण आता शून्यांच्या जंजाळात न शिरता जुना पेसो आणि जुना क्रुझेरो यांची सरळ तुलना करता येते.

१९४० च्या दशकात एका पेसोला अधिकृत दराने साधारण ४ ते ५ क्रुझेरो मिळत. ही पहिली नोंद.

मग १९९४ चा १ जुलै. त्या दिवशी रेआल एका डॉलरला एक या दराने सुरू झाला आणि पेसो तर १९९२ पासून कायद्यानेच एका डॉलरला एक होता. म्हणजे एक पेसो बरोबर एक रेआल. पण जुन्या पैशांत सांगायचं तर एका जुन्या पेसोला २७५ जुने क्रुझेरो! अर्ध्या शतकाच्या शर्यतीत दोघंही दरीत कोसळत होते, आणि ब्राझील अर्जेंटिनापेक्षा साठेक पटींनी जास्त खोल गेला होता.

हे मला अजिबात अपेक्षित नव्हतं. महागाई म्हटलं की अर्जेंटिना, हे आपल्या डोक्यात इतकं घट्ट बसलेलं असतं. पण १९९४ मध्ये कुणी विचारलं असतं की दोघांत वाया गेलेलं पोर कोणतं, तर उत्तर ब्राझील हेच आलं असतं.

१९८० चं दशक मी पटकन उरकतो, कारण दोन्ही देशांची कथा जवळजवळ एकच आहे. कर्ज, तूट, नोटा छापणे, महागाई. मग सरकार एके दिवशी नवं चलन आणतं, भाव गोठवतं, लोक काही महिने टाळ्या वाजवतात, आणि पुन्हा पहिल्यापासून. अर्जेंटिनाने १९८५ च्या जूनमध्ये ऑस्ट्राल योजना आणली, ब्राझीलने आठ महिन्यांनी क्रुझादो योजना. तेव्हा एका ऑस्ट्रालला साधारण १७ क्रुझादो पडत. ऑस्ट्राल सुरू झाला तेव्हा ८० ऑस्ट्राल-पैशांना एक डॉलर येत होता. १९९१ च्या एप्रिलमध्ये त्याच डॉलरला १०,००० ऑस्ट्राल. सहा वर्षंही झाली नव्हती. १९८९ च्या जुलै या एका महिन्यात अर्जेंटिनात भाव १९६ टक्क्यांनी वाढले, म्हणजे तिप्पट. वर्षात नव्हे, महिन्यात. ब्राझीलचा १९९० चा मार्च ८२ टक्क्यांचा.

आणि नक्कल फक्त योजनांची नव्हती. १९९० च्या जानेवारीत अर्जेंटिनाच्या सरकारने लोकांच्या मुदत ठेवी एका फटक्यात दहा वर्षांच्या सरकारी रोख्यांत बदलून टाकल्या. दोनच महिन्यांनी ब्राझीलच्या नव्या राष्ट्राध्यक्षांनी, फर्नांदो कोलोर यांनी, ५०,००० नव्या क्रुझादोंच्या वरची सगळी शिल्लक दीड वर्षासाठी गोठवली. तुमच्या बाबांची एफडी आहे ना बँकेत? ती सकाळी उठून बघितली तर दहा वर्षांचा कागद झालेली. असा विचार करून बघा, मग आकडे जरा वेगळे दिसायला लागतात.

यातून बाहेर पडायला दोघांनी दोन वेगळे रस्ते धरले, आणि माझ्या मते खरी गोष्ट इथे सुरू होते.

अर्जेंटिनाचे अर्थमंत्री दोमिंगो काव्हालो यांनी १९९१ मध्ये कायदाच केला : इतके ऑस्ट्राल म्हणजे एक डॉलर, मध्यवर्ती बँकेकडे डॉलर असतील तेवढंच देशी चलन छापायचं, आणि मागेल त्याला बदलून द्यायचं. म्हणजे कोडमध्ये स्थिरांक घालून टाकला. हार्डकोड! सगळ्या गणितांत '१' ही संख्या कायम. महागाई खरोखरच मेली. लोकांचा इतका विश्वास बसला की त्यांनी घरासाठी कर्जं डॉलरमध्ये घेतली, ठेवी डॉलरमध्ये ठेवल्या, भाडेकरार डॉलरमध्ये केले. का नाही करणार? कायदाच सांगतोय की दोन्ही एकच.

ब्राझीलने जे केलं ते कुठल्याही प्रोग्रॅमरने मान तुकवावी असं आहे. पर्सिओ आरिदा आणि आंद्रे लारा रेझेंदे या दोन अर्थतज्ज्ञांनी १९८४ मध्येच एक कल्पना मांडली होती. दहा वर्षांनी, फर्नांदो हेन्रिके कार्दोझो अर्थमंत्री असताना, ती अमलात आली. त्यांनी १ मार्च १९९४ पासून 'यूआरव्ही' नावाचं एक मापक सुरू केलं. हे चलन नव्हतं. त्याची नोट नव्हती, नाणं नव्हतं. मध्यवर्ती बँक रोज सकाळी फक्त एक आकडा जाहीर करायची, की आज एक यूआरव्ही म्हणजे इतके क्रुझेरो रेआल. पहिल्या दिवशी ६४७.५०. पगार यूआरव्हीत मोजायला लावले, करार हळूहळू यूआरव्हीत आले, दुकानांत किमती यूआरव्हीत दिसू लागल्या. पैसे मात्र जुन्याच नोटांत द्यायचे. म्हणजे महागाई चालूच, पण ती नोटेत. यूआरव्हीतली किंमत मात्र आठवडाभर तशीच दिसतेय. चार महिने लोकांच्या डोळ्यांना ही सवय लावली. ३० जूनला आकडा २,७५० वर पोचला, आणि दुसऱ्या दिवशी सरकारने म्हटलं, आता यूआरव्हीचंच नाव रेआल, या घ्या नोटा.

तो विचित्र २,७५० इथून आला. बाकी सगळे भागाकार शून्यं उडवण्यासाठी होते. हा भागाकार शून्यं उडवण्यासाठी नव्हताच. जुनी सिस्टिम चालू ठेवून शेजारी नवी उभी करायची, सगळा डेटा तिच्यात आणायचा, दोन्ही एकत्र पळवायच्या, आणि एका रात्री जुनी बंद करायची. आम्ही याला मायग्रेशन म्हणतो आणि त्यात हमखास तोंडघशी पडतो. इथे पंधरा कोटींच्या वर लोकांचा देश हलवला. जूनची महागाई ४७ टक्के होती, जुलैची ७ च्याही आत.

आता दोन्ही शेजारी डॉलरला चिकटलेले, त्यामुळे एकमेकांनाही. १९९१ मध्ये मेर्कोसूर करार झालेला, व्यापार जोरात. १९९८ मध्ये अर्जेंटिनाच्या निर्यातीतला सुमारे ३० टक्के माल एकट्या ब्राझीलला जात होता. पण एक फरक होता. ब्राझीलचा दर कायद्याने ठोकलेला नव्हता. तो मध्यवर्ती बँक रोज थोडा थोडा घसरू देत होती. १९९८ च्या अखेरीस डॉलरला १.२१ रेआल. अर्जेंटिनाचा १ म्हणजे १.

१९९८ च्या ऑगस्टमध्ये रशिया बुडाला आणि ब्राझीलमधून डॉलर पळायला लागले. नाणेनिधीने नोव्हेंबरमध्ये ४,१५० कोटी डॉलरची मदत बांधून दिली. १९९९ च्या ६ जानेवारीला मिनास जेराइस राज्याच्या राज्यपालाने जाहीर केलं की आम्ही केंद्राचं कर्ज तूर्त फेडणार नाही. हे राज्यपाल कोण, तर इतामार फ्रांको. ज्यांच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या काळात रेआल जन्मला तेच! सिनेमात दाखवलं तर आपण म्हणू की काहीही दाखवतात. आठवड्यात मध्यवर्ती बँकेच्या प्रमुखाने राजीनामा दिला, नव्याने दर थोडा सैल करून बघितला, दोन दिवस टिकला. १५ जानेवारीला रेआल मोकळा सोडला. महिना संपेपर्यंत डॉलरला जवळजवळ २ रेआल, मार्चच्या सुरुवातीला २.१० च्याही वर.

आलेखावर हा कडा इतका सरळ उभा आहे की मला आधी वाटलं डेटा चुकलाय.

सीमेपलीकडे याचा अर्थ काय झाला? डिसेंबरमध्ये बुटांचा ब्राझिली जोड १२ रेआलचा, म्हणजे १० पेसोंचा. फेब्रुवारीत तेच १२ रेआल म्हणजे ६ पेसो. बुएनोस आयर्सच्या कारखानदाराने काहीही चुकीचं केलेलं नाही, यंत्र तेच, कामगार तेच, पण त्याचा माल शेजाऱ्याच्या तुलनेत तीन आठवड्यांत भलताच महाग झाला. आणि त्याच्या हातात दर बदलायची सोय नाही, कारण तिथे स्थिरांक ठोकलाय. मग त्या वर्षी बूट, कापड, कोंबड्या अशा एकेका मालावरून दोन्ही सरकारांत भांडणं लागली. रोसारिओचा आमचा मित्र तेव्हा शाळेत होता. त्याच्या काकांचं बूट शिवायचं छोटं युनिट होतं, सात-आठ माणसं कामाला. तो म्हणाला की १९९९ च्या हिवाळ्यात काकांनी यंत्रं विकली आणि टॅक्सी घेतली. एवढंच सांगितलं, मीही पुढे विचारलं नाही.

ब्राझीलनेच अर्जेंटिनाला बुडवलं, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. मला ते अर्धंच पटतं. अर्जेंटिनाची मंदी १९९८ च्या मध्यावरच सुरू झाली होती, सरकार आणि प्रांत डॉलरमध्ये कर्ज काढतच होते, आणि त्याच काळात डॉलर स्वतःच जगभर महाग होत चालला होता. ब्राझीलने धक्का दिला, पण कठडा आधीच कुजला होता. उलट प्रश्न असा विचारावा की ज्या देशाला तुम्ही जवळजवळ एक तृतीयांश माल विकता, त्याचं चलन सोडून तुम्ही तिसऱ्याच देशाचं चलन कायद्यात कसं काय घातलंत? काव्हालो २००१ मध्ये परत मंत्री झाले तेव्हा त्यांनी यावर ठिगळ लावून बघितलं. निर्यातदारांसाठी डॉलर आणि युरो यांच्या अर्ध्या-अर्ध्या हिशेबाचा वेगळा दर काढला. स्थिरांकाला हात न लावता वरून पॅच! असले पॅच किती टिकतात ते आम्हाला विचारा.

२००१ च्या डिसेंबरमध्ये ठेवी काढण्यावर बंदी आली : आठवड्याला फक्त २५० पेसो. त्याला 'कोरालितो' म्हणतात, शब्दशः छोटा कोंडवाडा. २० डिसेंबरला राष्ट्राध्यक्ष फर्नांदो दे ला रुआ यांनी राजीनामा दिला आणि हेलिकॉप्टरने राजवाडा सोडला. रस्त्यांवर माणसं मेली. दोन आठवड्यांत पाच जण त्या पदावर येऊन गेले. २००२ च्या ६ जानेवारीला 'एकाला एक'चा कायदा रद्द झाला. पेसो जूनपर्यंत डॉलरला जवळजवळ ४ वर गेला.

आणि त्यानंतर जे केलं ते मी दोनदा वाचलं. बँकेतली डॉलरची कर्जं एकाला एक या दराने पेसोत बदलली. डॉलरच्या ठेवी १.४० या दराने पेसोत बदलल्या. बाजारात डॉलर तीन-साडेतीनला. म्हणजे ज्याने डॉलरमध्ये कर्ज काढलं होतं तो सुटला, आणि ज्याने पै-पै करून डॉलर बँकेत ठेवले होते तो गेला. आमच्या मित्राचे वडील दुसऱ्या गटात होते. त्यांची ठेव त्याच्या बहिणीच्या शिक्षणासाठी होती. तेव्हापासून त्यांनी बँकेत पगार आला की दुसऱ्या दिवशी काढला, आणि जमलं तसे हिरवे डॉलर घेऊन घरात ठेवले. अर्जेंटिनात याला 'गादीखाली' ठेवणे म्हणतात. मी विचारलं, "खरंच गादीखाली?" तर म्हणाला, "ते मलाही सांगितलेलं नाही."

एक विचित्र शांत क्षण यानंतर येतो. २००२ च्या ऑक्टोबरमध्ये लुला निवडून येणार या भीतीने रेआलही डॉलरला जवळजवळ ४ पर्यंत पडला. २००३ च्या अखेरीस दोन्ही चलनं डॉलरला २.९ च्या आसपास. म्हणजे एवढं रामायण होऊन परत एक पेसो, एक रेआल! जणू १ जुलै १९९४. आलेख बघताना क्षणभर वाटतं, सगळं जुळलं.

तिथून पुढे मात्र एकच दिशा. ब्राझीलने महागाईचं लक्ष्य ठरवून दर मोकळा ठेवला आणि तो कधी वर कधी खाली, पण एका पट्ट्यात राहिला. अर्जेंटिना पुन्हा जुन्या रस्त्याला. एका रेआलला २०११ मध्ये अडीचेक पेसो, २०१८ च्या अखेरीस साडेनऊच्या वर. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये डॉलर विकत घेण्यावर निर्बंध आले आणि मग 'दर' हा शब्दच एकवचनी राहिला नाही. सरकारी डॉलर, काळाबाजारातला 'निळा' डॉलर, रोख्यांतून मिळणारा डॉलर, सोयाबीनच्या शेतकऱ्यांसाठी सोया डॉलर. २०२२ मध्ये परदेशी कलाकारांचे पैसे द्यायला वेगळा दर काढला, त्याला लोक 'कोल्डप्ले डॉलर' म्हणायला लागले, कारण त्याच महिन्यात कोल्डप्लेचे बुएनोस आयर्सला दहा कार्यक्रम लागले होते! (आपण नवी मुंबईच्या तिकिटांसाठी ऑनलाइन रांगेत लाखावा नंबर बघून रडत होतो. इथे विनिमय दरच बँडच्या नावाने.)

मग माझ्या आलेखात कुठला दर घ्यायचा? २०२३ च्या डिसेंबरच्या सुरुवातीला सरकारी दराने एका रेआलला ७४ पेसो, निळ्या दराने २०० च्या आसपास. एकाच दिवशी. ब्राझीलच्या फोज दो इग्वासूचे लोक पूल ओलांडून अर्जेंटिनात पेट्रोल, वाइन, किराणा भरायला जात ते या दुसऱ्या दराच्या जिवावर. १३ डिसेंबरला हाविएर मिलेई यांच्या नव्या सरकारने डॉलर ३६६ वरून ८०० पेसोंवर नेला, आणि रेआल एका रात्रीत १६० च्या वर. पण मग भाव इतके चढले आणि दर त्यामानाने इतका धरून ठेवला की वर्षभरात वारं फिरलं. २०२५ च्या जानेवारीत अर्जेंटिनी लोकच फ्लोरियानोपोलिसच्या किनाऱ्यांवर झुंडीने आले, ब्राझील स्वस्त पडतो म्हणून. १९८० च्या सुमारासही, हुकूमशाहीच्या काळात पेसो फुगवून ठेवला होता तेव्हा, असंच झालं होतं. त्या पुलावरची गर्दी कुठल्या दिशेने चाललीये ते बघावं, दर आपोआप कळतो.

अधूनमधून दोघांना एकच चलन काढायचा झटका येतो. १९८७ मध्ये आल्फोन्सीन आणि सार्नेय यांनी 'गाउचो' नावाचं सामायिक चलन ठरवलं, ते कागदावरच राहिलं. २०१९ मध्ये बोल्सोनारो बुएनोस आयर्सला जाऊन 'पेसो-रेआल' म्हणाले, तर ब्राझीलच्याच मध्यवर्ती बँकेने सांगितलं की असा कुठलाही अभ्यास चालू नाही. २०२३ च्या जानेवारीत लुला आणि आल्बेर्तो फर्नांदेस यांनी 'सूर'ची चर्चा केली. जास्त कामाची गोष्ट २००८ मध्ये झाली : व्यापाऱ्यांना डॉलरमध्ये न जाता थेट पेसो-रेआलमध्ये पैसे चुकते करायची सोय. वापर फार नाही. शेजारच्या घरी वाटीभर साखर द्यायची तर अजूनही ती बहुतेक वेळा न्यूयॉर्कमार्गे जाते.

आता आलेखाचं शेवटचं टोक. २०२५ च्या अखेरीस एका रेआलला साधारण २६५ पेसो. आठवतोय का तो २७५? जुन्या पैशांत मांडा : २६५ वर तेरा शून्यं इतके जुने पेसो बरोबर २७५ वर तेरा शून्यं इतके जुने क्रुझेरो. म्हणजे एका जुन्या पेसोला जेमतेम एक जुना क्रुझेरो. १९४० च्या दशकात ४-५ होता, १९९४ मध्ये २७५, आणि आता १. ब्राझीलने पहिल्या पन्नास वर्षांत जेवढी आघाडी घेतली होती, तेवढी अर्जेंटिनाने पुढच्या तीस वर्षांत भरून काढली. वर थोडी जास्तच. खड्ड्यात उतरण्याची आघाडी हं. १९४२ चा क्रुझेरो २०२५ च्या अखेरीस असता तर एका डॉलरला १५ वर पंधरा शून्यं इतके लागले असते, आणि पेसोलाही जवळपास तेवढेच.

हा आकडा मी सोमवारी मित्राला पाठवला. पाच मिनिटांनी त्याचं उत्तर आलं : हे माझ्या वडिलांना नको दाखवूस.

बग दुरुस्त केला. मी दशांशाची दहा घरं ठेवली. आमच्या लीडने कोड तपासताना शेरा मारला, "दहा? कशाला एवढी?" मी काही लिहायच्या आत रोसारिओहून खाली उत्तर आलं होतं, "बारा करा."